दहा महिन्यांचा चित्रकार

इ. स. १७९४ मधील गोष्ट. जपानमधील एदो शहरात, निहोनबाशी नावाच्या गजबजलेल्या भागात, त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाचे दुकान होते. फुजी पर्वताच्या आकृतीखाली वेलीचे एक पान, ही त्याची खूण. त्याने छापलेल्या प्रत्येक चित्रावर ती उमटविलेली असे. त्या वर्षीच्या पाचव्या महिन्यात या दुकानातून एकदम अठ्ठावीस नवी चित्रे विक्रीस आली. ती सर्व त्या वेळी रंगभूमीवर गाजत असलेल्या नटांची होती.

नटांची चित्रे एदोवासीयांना नवी नव्हती. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत ती मिळत आणि घरोघरी हौसेने जपून ठेवली जात. परंतु ही चित्रे काही निराळीच होती. काळसर रुपेरी पार्श्वभूमीवर नटाचा केवळ चेहरा आणि छाती. कोणाचे नाक गरुडाच्या चोचीसारखे बाकदार, कोणाचे डोळे बारीक व तिरळे, कोणाच्या गालावर वयाच्या सुरकुत्या. चित्रावर सही होती ‘तोशुसाइ शाराकू’. हे नाव त्यापूर्वी कोणी ऐकलेले नव्हते. आणि सुमारे दहा महिन्यांनंतर ते पुन्हा कोणत्याही नव्या छापील चित्रावर दिसले नाही.

हा शाराकू कोण होता? त्याने असे काय रेखाटले, की लोक चकित झाले आणि काहीसे नाराजही झाले? हे समजण्यासाठी त्या काळच्या एदो शहराची आणि तेथील रंगभूमीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

एदो म्हणजेच आजचे टोकियो. अठराव्या शतकात त्याची वस्ती सुमारे दहा लाखांवर गेली होती. सरदारांचे वाडे, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, कारागिरांच्या आळ्या यांनी ते शहर गजबजलेले होते. दिवसभर राबणाऱ्या या लोकांचे सर्वांत मोठे वेड म्हणजे काबुकी नाटक.

काबुकीचा उगम मात्र एदोत झाला नाही. इ. स. १६०३ च्या सुमारास क्योतो शहरात कामो नदीच्या कोरड्या पात्रात ओकुनी नावाच्या एका स्त्रीने नृत्याचे खेळ सुरू केले. ते पाहण्यास लोकांची झुंबड उडू लागली. तिचे अनुकरण करणारी अनेक स्त्रीपथके निघाली. परंतु या खेळांच्या निमित्ताने भांडणे व बेबंदशाही माजते, असे सरकारचे मत झाले आणि १६२९ साली स्त्रियांना रंगमंचावर येण्यास बंदी झाली. त्यांची जागा तरुण मुलांनी घेतली. १६५२ साली त्यांच्यावरही बंदी आली. यापुढे केवळ प्रौढ पुरुषांनीच नाटक करावे, असा दंडक पडला.

या बंदीतूनच एक नवी कला जन्मास आली. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करू लागले. अशा नटास ‘ओन्नागाता’ म्हणत. चालणे, बसणे, हसणे, पदर सावरावा तशी बाही सावरणे या साऱ्यांचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केलेला असे. दुसरीकडे, इचिकावा दान्जुरो या नटाने वीरांच्या भूमिकांसाठी एक रांगडी, जोरकस पद्धत रूढ केली. चेहऱ्यावर तांबड्या-काळ्या रंगांचे जाड पट्टे, भव्य पोशाख आणि गर्जनेसारखे बोलणे, हे तिचे विशेष होत. नाटकातील अत्युच्च क्षणी नट एकाएकी निश्चल होई, मान झटका देऊन वळवी, डोळे वटारी आणि क्षणभर पुतळ्यासारखा उभा राही. या स्तब्ध मुद्रेला ‘मिए’ म्हणतात. ती पाहताच प्रेक्षक आनंदाने ओरडत.

नाटकगृहात खेळ सकाळी लवकर सुरू होई व सायंकाळपर्यंत चाले. प्रेक्षकांच्या मधून एक लांब लाकडी वाट रंगमंचाकडे जाई. ‘हानामिची’ म्हणजे पुष्पमार्ग, हे तिचे नाव. तिच्यावरून नट येई, तेव्हा तो प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर असे. १७५८ साली ओसाका शहरात फिरता रंगमंचही वापरात आला.

नाटक संपले की उरे ती केवळ आठवण. आवडत्या नटाची मुद्रा डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा यावी, असे रसिकांना वाटे. छायाचित्राची कला तेव्हा जन्मली नव्हती. ही उणीव भरून काढली लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांनी.

अशी चित्रे प्रथम काढली ती तोरिइ घराण्याने. या घराण्यातील कियोनोबु हा नाटकगृहांच्या दारावरील मोठमोठे फलक रंगवीत असे. त्याच्या चित्रांतील वीरांचे पाय दुधी भोपळ्यासारखे फुगीर आणि रेषा गांडुळासारख्या वळवळत्या असत. त्यांत जोम भरपूर होता; पण चेहरे मात्र सर्वांचे सारखेच. नट कोणता, हे ओळखावे लागे ते त्याच्या अंगरख्यावरील कुलचिन्हावरून. एकात एक बसविलेली तीन चौकोनी मापे दिसली, की तो दान्जुरो, असे समजावयाचे.

पुढे १७७० च्या सुमारास कात्सुकावा शुनशो या चित्रकाराने मोठा पालट घडविला. त्याने प्रत्येक नटाचे स्वतःचे नाक, स्वतःची हनुवटी, स्वतःचे डोळे काढण्यास प्रारंभ केला. आता कुलचिन्ह झाकले तरी नट ओळखू येऊ लागला. रसिकांना हे फार आवडले. तथापि शुनशोच्या चित्रात नटाचे रूप उठावदार दिसेल, याची काळजी घेतलेली असे. खऱ्या माणसाच्या उणिवा चित्रात येऊ नयेत, असा जणू एक अलिखित करार चित्रकार, नट व प्रेक्षक यांच्यात झालेला होता. हाच करार शाराकूने मोडला.

चित्र घडविणे हे एकट्या चित्रकाराचे काम नव्हते. त्यासाठी चार जणांचे हात लागत. पहिला प्रकाशक. चित्र कोणाचे काढावयाचे, ते कोणी काढावयाचे आणि पैसा किती घालावयाचा, हे तो ठरवी. दुसरा चित्रकार. तो पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाटन करी. हे रेखाटन सरकारी नियमाप्रमाणे तपासले जाई आणि पसंतीचा शिक्का मिळाल्यावर तिसऱ्याकडे, म्हणजे कोरणाऱ्याकडे जाई. तो ते रेखाटन जंगली चेरीच्या घट्ट लाकडाच्या फळीवर पालथे चिकटवी व रेषा तेवढ्या ठेवून बाजूचे लाकूड कोरून काढी. कोरता कोरता मूळ रेखाटन नष्ट होई. कपाळावरील एकेक केस राखून मधले लाकूड काढणे हे सर्वांत अवघड काम. ते अनेक वर्षे उमेदवारी केलेल्या वाकबगार कारागिराकडेच दिले जाई.

या पहिल्या ठशावरून काही प्रती काढीत. त्यांवर चित्रकार कोठे कोणता रंग हवा, ते लिहून देई. मग प्रत्येक रंगासाठी एकेक निराळा ठसा तयार होई. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात व कडेला एक छोटी खूण कोरलेली असे. कागद त्या खुणांना अचूक टेकवून ठेवला म्हणजे रंग एकमेकांवर घसरत नसत. खूण साधीच, पण तिच्यामुळे अनेक रंगांची छपाई शक्य झाली. इ. स. १७६५ पासून सुझुकी हारुनोबु या चित्रकाराच्या काळात ही बहुरंगी चित्रे लोकप्रिय झाली. जरीच्या कापडासारखी दिसतात, म्हणून लोक त्यांना ‘जरीचित्रे’ म्हणू लागले.

चौथा कारागीर छापणारा. तो ठशावर ब्रशाने रंग लावी. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला दमट कागद तो वर पसरी आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चपट्या चकतीने पाठीमागून घाशी. यंत्र कोणतेही नाही. हाताचा दाब हेच यंत्र. शाराकूच्या पहिल्या चित्रांत तर त्याने पार्श्वभूमीवर अभ्रकाची पूड वापरली. चित्र किंचित तिरके धरले की ती चमके. अंधाऱ्या नाटकगृहात मेणबत्तीच्या उजेडात नटाचा चेहरा उजळावा, तसा भास होई.

आता प्रश्न असा, की ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही, अशा माणसाची अठ्ठावीस मोठी व खर्चिक चित्रे त्सुतायाने एकदम का छापली?

त्सुताया हा धाडसी माणूस होता. उतामारोसारख्या थोर चित्रकाराची कला त्यानेच पुढे आणली होती. परंतु अलीकडे त्याला वाईट दिवस आले होते. सरकारने काटकसर व सदाचार यांविषयी कडक कायदे केले होते. १७९१ साली त्सुतायाने सांतो क्योदेन या लेखकाची काही पुस्तके छापली. ती कायद्याविरुद्ध ठरली. लेखकाला पन्नास दिवस हातात बेड्या घालून राहावे लागले आणि प्रकाशकाची अर्धी मालमत्ता दंडात गेली, असे सांगतात. नाटकगृहांची स्थितीही बरी नव्हती. एदोतील तिन्ही मोठी मान्यताप्राप्त नाटकगृहे कर्जामुळे बंद पडली होती व त्यांच्या जागी मियाको-झा, किरी-झा आणि कावारासाकी-झा ही तीन पर्यायी नाटकगृहे खेळ करीत होती. रंगभूमीला नव्या उत्साहाची गरज होती आणि प्रकाशकाला नव्या मालाची. अशा वेळी त्सुतायाने एका अनोळखी हातावर विश्वास टाकला.

कावारासाकी-झामध्ये त्या वेळी ज्या नाटकाचा खेळ चालू होता, त्याच्या नावाचा अर्थ ‘प्रिय पत्नीचे रंगीबेरंगी लगाम’ असा काहीसा होतो. शिगेनोइ नावाची एक तरुणी सरदाराच्या घरी चाकरीला असते. तेथील योसाकु नावाच्या तरुणाशी तिचे प्रेम जमते. घराण्याच्या शिस्तीप्रमाणे हा मोठा अपराध. तिचा वृद्ध पिता सादानोशिन हा नोह या प्राचीन नाट्यप्रकाराचा गुरू असतो. मुलीच्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून तो स्वतःचे प्राण देतो. त्यामुळे शिगेनोइ वाचते व सरदाराच्या लहान मुलीची दाई होते. पण स्वतःच्या मुलाला ती मुकते. पुढे एके दिवशी सामानाची घोडी हाकणारा एक गरीब पोरगा तिच्यासमोर येतो. तो आपलाच मुलगा, हे तिला कळते. पण राजकन्येची अब्रू राखण्यासाठी त्याला जवळ घेणे तिला शक्य नसते. त्याला परत पाठविण्यावाचून तिला गत्यंतर नसते.

या नाटकातील पात्रे शाराकूने एकेक करून रेखाटली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे एदोबेई या दुष्ट सेवकाचे. ही भूमिका ओतानी ओनिजी हा नट करीत असे. एदोबेई दुसऱ्या एका सेवकाजवळचे पैसे लुबाडण्यास टपलेला आहे. त्याने मान पुढे काढली आहे, दात घट्ट आवळले आहेत, भुवया वर चढल्या आहेत. अंगरख्याच्या उघड्या गळ्यातून दोन्ही पंजे बाहेर आले आहेत व बोटे नख्यांसारखी पसरली आहेत. हे पंजे चेहऱ्याच्या मानाने फारच लहान आहेत. मोजमापाच्या दृष्टीने हे चूकच. पण त्या चुकीमुळे पाहणाऱ्याची नजर पुन्हा पुन्हा त्या क्रूर चेहऱ्याकडे जाते.

ज्याला लुटावयाचे तो प्रामाणिक सेवक इप्पेई. त्याचे चित्र निराळ्या कागदावर आहे. ही भूमिका इचिकावा ओमेझो या नटाची. त्याचे डोळे विस्फारलेले आहेत आणि तो तलवार उपसण्याच्या बेतात आहे. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली की नाटकातला तो क्षण जिवंत होतो. हल्ला करणारा पुढे झुकलेला, बचाव करणारा थरारलेला; आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही, केवळ अभ्रकाचा काळसर चकचकाट.

वृद्ध पिता सादानोशिन याच्या भूमिकेत त्या काळचा श्रेष्ठ नट इचिकावा एबिझो होता. काही वर्षांपूर्वीपर्यंत तोच पाचवा दान्जुरो म्हणून गाजत होता. आपले थोर नाव मुलाला देऊन त्याने एबिझो हे नाव धारण केले होते. तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. शाराकूने त्याचे मोठे नाक, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, एकमेकांत गुंतलेली बोटे, सारे काही दाखविले. हा चेहरा सुंदर नाही. परंतु मुलीसाठी मरणाला सामोरे जाणाऱ्या पित्याचे दुःख त्यात दिसते आणि आयुष्यभर रंगभूमीची सेवा केलेल्या नटाचा अधिकारही दिसतो. एकाच चेहऱ्यात ही दोन माणसे दाखविणे, हेच शाराकूचे वैशिष्ट्य होय.

स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या बाबतीत तर त्याने कोणतीच भीड ठेवली नाही. शिगेनोइच्या भूमिकेतील इवाइ हानशिरो याचा चेहरा त्याने गोल व गुबगुबीत काढला. दुसऱ्या एका नाटकात यादोरिगी या स्त्रीची भूमिका करणाऱ्या सेगावा तोमिसाबुरो याचा चेहरा त्याने लांबट, टोकदार व कठोर काढला. केशभूषा स्त्रीची, वस्त्रे स्त्रीची, पण आत पुरुषाचा चेहरा आहे हे लपत नाही. जे रंगमंचावर प्रेक्षकांनी विसरावे म्हणून नट दिवसरात्र झटत असे, तेच या चित्राने उघड केले.

आणखीही एक गोष्ट शाराकूने केली. मोठ्या नटांबरोबर त्याने दुय्यम दर्जाच्या, फारसे नाव नसलेल्या नटांनाही चित्रात स्थान दिले. नाकाजिमा वादाएमोन आणि नाकामुरा कोनोझो हे असेच दोन लहान नट. एक हाडकुळा व बाकदार नाकाचा, दुसरा लठ्ठ व गोल तोंडाचा. शाराकूने या दोघांना एकाच चित्रात समोरासमोर बसविले. ज्यांची नावे काळाच्या उदरात गडप झाली असती, ते दोघे आज जगातील संग्रहालयांत मानाने झळकत आहेत.

लोकांना ही चित्रे आवडली का? काहींना अवश्य आवडली असावीत. नाही तर त्सुतायाने पुढची चित्रे छापली नसती. परंतु नाराजीही होती. ओता नान्पो नावाचा एक रसिक लेखक त्या काळी चित्रकारांविषयी टिपणे ठेवीत असे. शाराकूने नटांचे रूप जसेच्या तसे दाखविण्याच्या नादात नको ते दाखविले आणि म्हणून तो फार काळ टिकला नाही, असा अभिप्राय त्याने नोंदवून ठेवला आहे. आवडत्या नटाचे चित्र विकत घेणाऱ्याला त्या नटाचे रंगमंचावरील मोहक रूप हवे असे. शाराकू त्याच्या हाती खरा माणूस ठेवी.

याच वर्षी उतागावा तोयोकुनी हा तरुण चित्रकारही नटांची चित्रे काढीत होता. त्याने बहुधा नटाची संपूर्ण आकृती काढली. उभे राहण्याची ढब, वस्त्राची चुणी, चेहऱ्याचा रेखीवपणा यांवर भर दिला. त्याचे नट रुबाबदार दिसत. लोकांचा कौल त्याच्या बाजूने पडला. तोयोकुनीच्या शिष्यपरंपरेने पुढे अनेक दशके नटांच्या चित्रांचा बाजार गाजविला.

शाराकूच्या चित्रांतही बदल होऊ लागला. पहिल्या अठ्ठावीस चित्रांनंतर त्याने पूर्णाकृती चित्रे काढली, मग अरुंद कागदावरील लहान चित्रे काढली. संख्या वाढली; पण पहिला जोम ओसरला, असे जाणकार म्हणतात. १७९५ च्या आरंभी त्याची शेवटची चित्रे बाहेर पडली. तोपर्यंत एकशेचाळीसहून अधिक चित्रे त्याच्या नावावर जमा झाली होती. त्यानंतर शाराकू नाहीसा झाला. १७९७ साली त्सुतायाही मरण पावला. एदोबेई रंगविणारा ओतानी ओनिजी त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता.

त्याचा शोध मात्र पुढे दीर्घकाळ चालू राहिला. हा एखाद्या प्रसिद्ध चित्रकाराचाच गुप्त अवतार असावा, असे काहींनी म्हटले. १८४४ साली साइतो गेक्किन या लेखकाने एक निराळी माहिती नोंदविली. शाराकू म्हणजे आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला, एदोतील हात्चोबोरी भागात राहणारा साइतो जुरोबेई नावाचा नोह नट, असे त्याने लिहिले. पुष्कळांनी यावर विश्वास ठेवला नाही. असा माणूस खरोखरच होता काय, अशीही शंका घेतली गेली. परंतु १९९७ साली एका बौद्ध मंदिराच्या मृत्युनोंदीत त्याचे नाव सापडले. तो १८२० साली मरण पावला होता. आज बहुतेक अभ्यासक त्यालाच शाराकू मानतात. हे खरे असेल, तर त्याच्या दृष्टीचे रहस्य थोडेसे उलगडते. जो स्वतः रंगमंचावर उभा राहतो, त्याला मुखवटा कोठे संपतो आणि चेहरा कोठे सुरू होतो, हे चांगले कळते.

शाराकूनंतरही नटांची चित्रे निघत राहिली. १८४२ साली सरकारने पुन्हा कडक सुधारणा केल्या. नाटकगृहे शहराच्या कडेला हलविण्यात आली, सातव्या दान्जुरोला उधळपट्टीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केले गेले आणि नटांची चित्रे छापण्यावर बंदी आली. परंतु चित्रकारही काही कमी नव्हते! उतागावा कुनियोशी याने मांजरे, कासवे व सोनमासे यांना नटांचे चेहरे दिले. एका चित्रमालेत तर त्याने कोठाराच्या भिंतीवर कोणी पोराने कोळशाने गिरगटल्याप्रमाणे नटांचे चेहरे काढले. सरकारने विचारलेच, तर ही केवळ भिंतीवरची रेघोट्या-गिरगट आहे, असे म्हणता येत असे. रसिक मात्र प्रत्येक चेहरा ओळखून हसत. पुढे १८५४ साली आठवा दान्जुरो अकाली मरण पावला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ असंख्य चित्रे निघाली. लोकांनी ती अश्रू ढाळीत विकत घेतली.

स्वतःच्या देशात शाराकूचे नाव बराच काळ मागे पडले होते. १९१० साली जर्मन अभ्यासक युलियुस कुर्थ याने त्याच्यावर एक ग्रंथ लिहिला. तेव्हापासून त्याची कीर्ती जगभर पसरली. १९५६ साली जपान सरकारने त्याच्या एबिझोच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. २००८ साली ग्रीस देशातील कोर्फू बेटावरच्या एका संग्रहालयात पंख्याच्या कागदावर हाताने रंगविलेले एक चित्र आढळले आणि ते शाराकूचेच आहे, असे तज्ज्ञांनी जाहीर केले.

तोयोकुनीने लोकांना हवे ते दिले आणि त्याला आयुष्यभर यश मिळाले. शाराकूने त्याला दिसले ते दिले आणि त्याला दहाच महिने मिळाले. दोघेही आपापल्या परीने थोर होते. परंतु एबिझोच्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे आज पाहणाऱ्याला जपानी भाषा येत नसते, ते नाटक त्याने पाहिलेले नसते, त्या नटाचे नावही त्याने ऐकलेले नसते. तरीही तो त्या चित्रापुढे थबकतो. एका वृद्ध माणसाचे दुःख त्याला समजते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एदोतील काही रसिकांना जे नको होते, तेच आज सर्व जगाला हवेसे वाटते.

शब्दार्थ

बेबंदशाही – शिस्त नसणे, गोंधळ
दंडक – नियम
निश्चल – हालचाल न करणारा
कुलचिन्ह – घराण्याची खूण
उमेदवारी – काम शिकण्याचा काळ
वाकबगार – कुशल, तरबेज
गत्यंतर – दुसरा मार्ग
भीड – संकोच
कौल – निर्णय, पसंती
हद्दपार करणे – गावाच्या किंवा देशाच्या सीमेबाहेर घालविणे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) त्सुतायाच्या दुकानाची खूण कोणती होती?
(आ) ‘मिए’ कशाला म्हणतात?
(इ) शुनशोच्या पूर्वी चित्रातील नट कशावरून ओळखीत?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक चित्र तयार होण्यासाठी कोणकोणत्या चार व्यक्तींचे साहाय्य लागे? प्रत्येकाचे काम सांगा.
(आ) ठशाच्या कोपऱ्यातील व कडेच्या खुणेमुळे कोणता लाभ झाला?
(इ) सरकारच्या बंदीतून कुनियोशीने कोणती युक्ती काढली?

३. कारणे द्या.
(अ) एदोबेईचे पंजे लहान काढले असूनही चित्र परिणामकारक वाटते.
(आ) शाराकूची चित्रे काही रसिकांना आवडली नाहीत.

४. ‘शाराकूने त्याला दिसले ते दिले.’ या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

५. वाक्यात उपयोग करा : झुंबड उडणे, भीड न ठेवणे, काळाच्या उदरात गडप होणे.

६. आपल्या परिचयाच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीचा चेहरा नीट न्याहाळा आणि त्याचे वर्णन दहा ओळींत लिहा. त्या चेहऱ्यावरून तिच्या आयुष्याविषयी काय कळते, तेही लिहा.